ब्रेकबाई एकटी निघाली

आमच्या ताईला गावात कुणी नावानं हाक मारत नाही. समोरून आली की "नमस्कार बाई", आणि पाठ वळली की "ब्रेकबाई". तिला हे माहीत आहे. वर तिला त्याचा अभिमान आहे, आता बोला!

आमची गाडी शिकवायची शाळा आहे. शाळा म्हणजे काय, एक खोली. भिंतीवर रस्त्यावरच्या खुणांचा तक्ता, टेबलावर चौक समजावून सांगायला खेळण्यातल्या मोटारी, त्यातल्या एकीचं चाक गेलेलं, आणि टेबलामागे मी, तिची धाकटी बहीण. फोन घेते, वेळा देते, रडत परत आलेल्यांना पाणी देते. मला स्वतःला गाडी येत नाही. हसा खुशाल. ताईनं एकदा मला शिकवायला घेतलं होतं. आम्ही दोघी अजून एकमेकींशी बोलतोय, कारण मी पहिल्याच वळणावर उतरून चालत घरी आले.

शिकवणीची गाडी वेगळी असते. चालवणाऱ्याच्या पायाशी जसे ब्रेक आणि क्लच, तसेच शेजारच्या सीटच्या पायाशीही असतात. शिकणारा गोंधळला, भलतीकडे पाय पडला, की शेजारी बसलेली ताई आपला ब्रेक दाबते आणि गाडी जागच्या जागी उभी. सगळी हयात तिची त्या शेजारच्या सीटवर गेली. तिथे पायाशी कागदाचा कपटा पडलेला तिला खपत नाही. एकदा एका डॉक्टरीणबाईंनी वाकून तिथे पर्स ठेवली, तर ताई भर रस्त्यात अशी ओरडली की भाजीवाल्यानं तराजू खाली ठेवला.

आणि गंमत अशी की ताई स्वतः गाडी जवळपास चालवतच नाही. सकाळचा पहिला विद्यार्थी गाडी बाहेर काढतो, संध्याकाळचा शेवटचा दारात आणून लावतो. बाजार, बँक, दवाखाना सगळं ती पायी करते. शेजारची सीट रिकामी आणि ताई चाकावर, असं कुणी कधी पाहिलंच नव्हतं.

तिचा एकुलता एक मुलगा म्हणजे ढब्बू. लहानपणी गुटगुटीत होता म्हणून ढब्बू. आता अंगावर मूठभर मांस नाही, पण नाव चिकटलं ते चिकटलं. भावोजी तो शाळेत असतानाच गेले, आणि तेव्हापासून ताईनं त्या पोराला श्वास म्हणून घेऊ दिला नाही. सायकल मोठ्या रस्त्याला न्यायची नाही, नदीवर जायचं नाही, मित्राकडे राहायचं नाही. गाडी अर्थात तिनंच शिकवली. चौक जवळ आला की त्यानं पाय हलवायच्या आत हिचा ब्रेक लागलेला. परीक्षेला मात्र शेजारी परीक्षक असतो. तो कशाला ब्रेक मारतोय? पोरगं बिचारं चौकात ब्रेक आपोआप लागायची वाट बघत राहिलं आणि नापास झालं. पुन्हा बसलं, पुन्हा नापास. ब्रेकबाईंचाच मुलगा! लोकांना महिनाभर चघळायला विषय झाला.

तेही निभावलं असतं. पण त्याला जहाजावर नोकरी लागली, तेव्हा ही बाई मलासुद्धा न सांगता भरतीच्या कचेरीत जाऊन आली. मुलाला फिट येते, पाण्यावर पाठवू नका, असं तिथे सांगून आली. धादांत खोटं! साहेबानं ढब्बूला बोलावून विचारलं, तेव्हा त्याला समजलं. तो भांडला असता तर बरं झालं असतं. त्यानं गुपचूप सामान भरलं, मला घट्ट मिठी मारली, आईकडे बघितलंसुद्धा नाही, आणि गेला. त्यानंतर दोन वर्षं त्यांच्यात शब्द नाही. खुशाली यायची ती माझ्या फोनवर.

आणि मग एके दिवशी त्याचा निरोप आला, तोही माझ्याच फोनवर. "मावशी, आमचं जहाज परवा शेजारच्या देशात बंदराला लागतंय. दुपारपर्यंत माल उतरवायचा आहे. मग भरती येईपर्यंत मी मोकळा. भरती आली की जहाज निघणार, आणि त्यानंतर मी पार दुसऱ्या टोकाला, परत कधी येईन देव जाणे. आईला यायचं असेल तर गेटपाशी थांबतो. नाही आली तर मी समजून जाईन. पुन्हा विचारणार नाही."

ताईनं चष्मा काढला, पदरानं पुसला, पुन्हा लावून निरोप वाचला. बस जहाज सुटल्यावर पोचायची, रेल्वे त्या बाजूला जातच नाही. मला वाटलं, आता ही रडेल. ती म्हणाली, "गाडी धुवून घे."

तिनं पिशवी भरली. पिशवी कसली, गाठोडंच ते! स्वेटर, चादर, डबे, त्याची जुनी उशी आणि मधाची एक काचेची मोठी बरणी. डिकीचं कुलूप महिनाभर अडकलेलं, त्यामुळे जादा चाक, जॅक, पाण्याचे कॅन सगळं मागच्या सीटवर. पिशवी मी शेजारच्या सीटवर ठेवली आणि तिला पट्टा लावला.

"घे, तुझा विद्यार्थी," मी म्हटलं. "हा तरी उलट बोलणार नाही."

ताई हसली नाही. उजाडायच्या आत ती निघाली. गल्लीच्या तोंडाशीच गाडी दोनदा बंद पडली.

आता हे लक्षात घ्या. ताई गाडी चालवताना फोनला हात लावत नाही. कुणी लावला तर त्याची शिकवणी बंद. म्हणजे त्या दिवशी माझा फोन वाजला, की समजायचं, बाई कुठेतरी थांबलीय. मी टेबलापाशी बसून फोनकडे बघत देवाला म्हणत होते, वाजू नको रे बाबा.

वाजला. ताई सरहद्दीवर अडकली होती. पुढे ट्रकची रांग, आणि तपासणीच्या खिडकीत एकच माणूस, तोही चहाला गेलेला. रांग सरकली तेव्हा त्या अधिकाऱ्यानं गाडीत डोकावून बघितलं आणि चक्रावला. तिकडे गाड्या रस्त्याच्या उलट्या बाजूनं चालतात, म्हणजे त्यांचा ड्रायव्हर बसतो तो ताईच्या शेजारच्या सीटवर. त्या माणसाला तिथे ब्रेक दिसला, क्लच दिसला, आणि त्यांच्या पुढ्यात पट्टा लावून बसलेली पिशवी दिसली.

"तो मला विचारतोय, ड्रायव्हर कुठाय!" ताई फोनवर फणफणली. "मी म्हटलं, मी ड्रायव्हर. तर म्हणतो, मग हे कुणाचं? गाडी रिकामी करायला लावली गं मला. मधात बोट घालून बघायचं तेवढं बाकी ठेवलं."

"मग सोडलं का?"

"साहेब आला, त्याला शिकवणीची गाडी म्हणजे काय ते समजलं, दोघं पोट धरून हसले आणि सोडलं. माझी अर्धी सकाळ गेली आणि यांना हसू येतंय."

फोन बंद झाला. म्हणजे ती निघाली. मी सुटकेचा श्वास सोडला, तो लवकरच परत घ्यावा लागला.

सरहद्दीच्या पुढे मोठा रस्ता, आणि त्यावर ठिकठिकाणी फाटकं. फाटकाशी गाडी उभी करायची, यंत्रातून चिठ्ठी घ्यायची, मग दांडा वर होतो. पण यंत्र तिकडच्या ड्रायव्हरच्या बाजूला, म्हणजे ताईच्या लांबच्या खिडकीशी. पट्टा सोडायचा, शेजारच्या सीटवर सरकायचं, खिडकीतून हात काढायचा, आणि मधे ती पिशवी. मागचे लोक हॉर्नवर हॉर्न मारताहेत. पहिल्या फाटकाला ती कशीबशी पिशवीवरून ओणवी झाली. दुसऱ्या फाटकाला तिनं वैतागून पिशवी उचलली, सीटवरून खाली पायाच्या जागेत ठेवली, आणि बरणी आडवी होऊ नये म्हणून चांगली दाबून बसवली. सीट मोकळी झाली. चिठ्ठी एका झटक्यात हातात आली.

तिथून पुढे तिचे ग्रह फिरले.

"माणसं फार वाईट आहेत इथली," पुढचा फोन आला तेव्हा तिनं सुरुवातच अशी केली. "मागून सारखे दिवे मारतात. मी नियमात चालतेय, इथल्या बाजूनं चालतेय, तरी दिवे मारतात. एकजण तर हात नाचवून काहीतरी बडबडत गेला."

"ताई, तू थांबलीस का?"

"गाडी ओढत नाहीये गं. पाय पुरता दाबला तरी जीव गेल्यासारखी चालतेय. आणि जळका वास येतोय."

पेट्रोल पंपाशी एक मेकॅनिक होता. त्यानं ताईला खुणेनं सांगितलं, सामान उतरवा. मागचं सगळं, पुढची पिशवी, सगळं खाली ठेवलं. चाकाजवळ हात नेला तर चटका बसेल इतकी उष्णता. त्यानं चाकं गार होईपर्यंत वाट बघायला लावली, मग जॅक लावून एकेक चाक हातानं फिरवलं. भिंगरीसारखी फिरली! ब्रेक दाबून बघितला, सोडून बघितला. "ब्रेक थोडा खाली गेल्यासारखा वाटत होता," असं ताईनं हातवारे करून सांगितलं. तो म्हणाला, बरोबर आहे, कुठे खाली गेलाय? काही म्हणजे काही सापडलं नाही. तिनं सामान पुन्हा भरलं. पिशवी पुन्हा तिथेच, दाबून.

दुपार झाली होती. मी डबा उघडून तसाच बंद केला. एक विद्यार्थिनी वेळ मागायला आली, तिला मी म्हटलं, "आज शाळा बंद आहे," आणि ती गेल्यावर आठवलं की दार मीच उघडं ठेवलंय.

ताईचा परत फोन. परत वास, परत गाडीचं मरगळणं, या वेळी पुढच्या चाकातून धूर. दुसरा मेकॅनिक, दुसरा जॅक, तेच सामान खाली, तीच भिंगरी. यानं तर कपाळावर हात मारून ताईकडे असं बघितलं, की बाईच्याच डोक्यात काहीतरी झालंय.

"मी चालवू शकत नाही," ताई म्हणाली. असं ती आजवर कुणासमोर म्हणाली नव्हती. "मी शिकवू शकते. चालवता नाही येत मला. ही गाडी मला ओळखतच नाही."

"गप गं," मी म्हटलं. "रडायचं ते पोचल्यावर रड."

मी तिला गप केलं. फोन ठेवते न ठेवते तोच परत वाजला, आणि या वेळी तो ढब्बू होता.

"मावशी, मी गेटपाशी उभा आहे."

"अरे, ती येतेय! सकाळी अंधारात निघालीय."

"खरं सांग. निघाली का?"

"माझी शपथ! गाडीनं दगा दिलाय, रस्त्यात आहे."

मागे कुठेतरी साखळ्यांचा आवाज येत होता. "कुठली गाडी आणलीय?"

"दुसरी कुठली असणार? शाळेचीच."

"बरं," तो म्हणाला. "पाणी चढायला लागलंय. शिट्टी होईपर्यंत थांबतो. मग मला आत जावंच लागेल, मावशी. मी मुद्दाम गेलो असं तिला वाटायला नको."

ते ऐकून मला भडभडून आलं. दोन वर्षं तोंड फिरवून बसलेला मुलगा, आणि आता त्याला काळजी कसली, तर आईला काय वाटेल याची! मी ताईला फोन लावला. लागला, पण ती उचलेना. म्हणजे चालवत होती. मी खुर्चीतून उठले, बसले, तक्त्यावरच्या सगळ्या खुणा वाचून काढल्या. थांबा. वेग कमी करा. पुढे उतार आहे. मेला तक्तासुद्धा माझ्या जिवावर उठला होता.

मग तिचा फोन आला, आणि तिच्या आवाजावरूनच मी ओळखलं की संपलं.

"समुद्र दिसतोय," ताई म्हणाली. "घाटाच्या माथ्यावर आहे मी. खाली बंदर दिसतंय, जहाजं दिसताहेत. आणि गाडी पेटायच्या बेतात आहे. धूर बघ कसा येतोय. मी आता जात नाही पुढे. त्याला सांग, आई आलीच नाही."

"वेडी आहेस का तू? तो तिथे उभा आहे!"

"मग काय उडी मारू इथून?" ती किंचाळली आणि हमसून रडायला लागली. माझी ताई! मग गाडीचं दार उघडल्याचा आवाज आला, आपटल्याचा आवाज आला, परत उघडल्याचा आला.

"काय करतेयस तू?"

"काही नाही. माझ्या जागेवर बसतेय जरा. चाकापुढे बसून मला काही सुचतच नाही." ती नाक ओढत म्हणाली. "ही पिशवी एक मेली... पाय कुठे ठेवू मी?"

आणि मग ती एकदम थांबली. इतकी थांबली की मला वाटलं फोन कटला.

"ताई? ए ताई?"

"पाय ठेवायला जागा नाही," ताई अगदी हळू म्हणाली. "माझ्या ब्रेकवर पिशवी बसलीय."

मला क्षणभर काही कळलं नाही. मग कळलं. दुपारभर ती पिशवी ब्रेक दाबून बसली होती. मागचे लोक दिवे मारत होते ते हिच्या मागच्या ब्रेकच्या लाल दिव्यांमुळे, बिचारे सांगत होते की बाई, तुमचा ब्रेक लागलेला आहे! आणि दोन्ही मेकॅनिक चाक बघायच्या आधी पिशवी खाली उतरवत होते, मग त्यांना काय सापडणार, कपाळ?

"डॉक्टरीणबाईंची पर्स," मी म्हटलं.

"गप बस," ताई म्हणाली. पण तिचं रडं थांबलं होतं. "त्याच्यासाठी भरलेली पिशवी गं. त्याचीच उशी." एवढंच बोलली आणि फोन ठेवला.

पुढचं तिनं परत आल्यावर सांगितलं. तिनं पिशवी मागच्या सीटवर जादा चाकाच्या वर कोंबली. चाकं गार व्हायला थांबायला वेळच नव्हता. आणि ब्रेक इतके तापले होते की पाय टेकवला तर आत रिकामा जात होता, पकड नाही. दुसरी कुणी असती तर तिथेच बसली असती. ताईनं गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकली आणि ब्रेकला पाय न लावता, इंजिननंच वेग आवरत, तो सगळा घाट उतरली. एका बाजूला कडा, समोरून ट्रक, उलट्या बाजूचा रस्ता. तोंडानं ती सारखी स्वतःलाच सांगत होती, "घाई नाही, घाई नाही, गिअर सोडायचा नाही," जसं ती विद्यार्थ्यांना सांगते. वळणावर दर वेळी तिचा मोकळा पाय सवयीनं ब्रेक शोधायचा, आणि ती तो उचलून परत मागे घ्यायची.

गेटपाशी पोचली तेव्हा शिट्टी झालेली होती. गेटपाशी कुणी नव्हतं.

ताई गाडीतून उतरली आणि वेड्यासारखी फाटकाच्या गजांना धरून उभी राहिली. आत लांब सरळ धक्का, धक्क्याच्या टोकाला जहाज, आणि त्या धक्क्यावरून पाठमोरा चाललेला एक बारीक माणूस. ती ओरडली. नाव नाही, ढब्बू म्हणून ओरडली, त्या सगळ्या परक्या माणसांपुढे. तो वळला. आधी चालत आला, मग पळत.

गेटवाल्यानं घड्याळ दाखवलं. चालत जायला वेळ उरला नव्हता. ढब्बूनं त्याला कार्ड दाखवलं, काहीतरी विनवलं, गाडीकडे बोट केलं. फाटक उघडलं. बोलायला, रडायला, माफी मागायला वेळच कुणाला होता? ताईनं तरी तोंड उघडलं, "कचेरीत मी जे..." तेवढ्यात तो म्हणाला, "किल्ली दे, आई. मी चालवतो. जहाजावर मालाची गाडी मीच चालवतो."

ती वळसा घालून आपल्या सीटवर जाऊन बसली. पिशवी मागे होती. पायाशी जागा रिकामी होती, तिचा ब्रेक अगदी मोकळा.

"ब्रेक थोडा ढिला आहे," ती म्हणाली. "बेतानं."

धक्का म्हणजे दोन्ही बाजूंना पाणी, कठडा नाही. ढब्बूनं गाडी पळवली. अर्ध्या वाटेत माल उचलायची एक गाडी आडवी आली, थेट समोर.

"मग?" मी विचारलं. हे ती मला आमच्या खोलीत सांगत होती, टेबलावरची चाक गेलेली मोटार हातात घेऊन. "मग तू काय केलंस? खरं सांग. दाबलास ना?"

"नाही," ताई म्हणाली. "मी बसतानाच मांडी घालून बसले होते. सीटवर, दोन्ही पाय वर घेऊन. त्यानं बघितलं माझ्याकडे. मग त्यानं ब्रेक मारला. जरा उशिरा मारला. पण त्यानं मारला."